नऊ गोल्डचा गॉब्लिन: गेममधलं युनिट वाचायचं कसं?

माझ्या पहिल्या सेमिनार पेपरचं पहिलं वाक्य असं होतं: ‘वेस्नॉथ या खेळातले ऑर्क केऑटिक आहेत, म्हणजेच खेळाने एका अख्ख्या वंशाला जन्मतः दुष्ट ठरवलं आहे.’ वाक्य मला फार आवडलं होतं. ठसठशीत वाटत होतं. गाईड मॅडमनी पेपर वाचला, चष्मा काढला आणि एवढंच विचारलं, ‘बरं. मग ड्रेक कोण?’

मला उत्तर देता आलं नाही. पेपर परत घेतला, घरी आले, आणि पहिल्यांदाच युनिटच्या फाइली नीट उघडून वाचल्या. त्याआधी तीन वर्षं मी हा खेळ खेळत होते, पण वाचला कधीच नव्हता. खेळणं आणि वाचणं यात काय फरक आहे, आणि समीक्षेतला दावा कुठे टिकतो, कुठे कोसळतो, हे मला त्या एका प्रश्नाने शिकवलं. तुमच्यापैकी अनेक जण आत्ता सिनॉप्सिसच्या तयारीत आहेत. विषय गेमचा नसला तरी हा घोळ तुमच्याही वाट्याला येणार आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी खेळ थोडक्यात

‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ हा डेव्हिड व्हाइट यांनी २००३ मध्ये सुरू केलेला मोफत, मुक्त परवान्याचा खेळ. षटकोनी घरांचा नकाशा, आळीपाळीने चाली, आणि गोल्ड देऊन भरती करायची युनिटं. नेहमीच्या मल्टिप्लेअर खेळात सहा गट असतात: लॉयलिस्ट, रिबेल्स, नॉर्दर्नर्स, अनडेड, नाल्गन आणि ड्रेक्स. एल्फ, बुटके ड्वार्फ, ऑर्क, हाडांचे सापळे, आग ओकणारे ड्रेक, असा नेहमीचा फँटसी गोतावळा.

संशोधकाच्या दृष्टीने या खेळाची गंमत वेगळीच आहे. त्यातलं प्रत्येक युनिट एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिलेलं असतं. किंमत किती, जीव किती, कुठल्या जमिनीवर किती बचाव, वंश कुठला, बढती मिळाली तर काय होणार, आणि शेवटी चार-सहा ओळींचं वर्णन. या भाषेला वेस्नॉथ मार्कअप लँग्वेज म्हणतात. प्रोग्रामिंग न येणाऱ्यालाही ती अर्ध्या तासात वाचता येते. त्यामुळेच हजारो खेळाडूंनी स्वतःचे गट, स्वतःची युनिटं, अख्खे ‘एरा’ तयार केले आणि खेळातल्याच अ‍ॅड-ऑन सर्व्हरवर ठेवले.

म्हणजे इथे संहिता उघडी आहे. मोठ्या कंपन्यांच्या खेळात आकडे आत कुठेतरी दडलेले असतात, आपण बाहेरून अंदाज बांधतो. इथे अंदाज बांधायची गरज नाही. आणि म्हणूनच चुकीला सबबही नाही. मी फाइल न उघडता पेपर लिहिला, ही सरळसरळ आळशीपणाची गोष्ट होती.

या लेखातले आकडे १.१४ या आवृत्तीतले आहेत. पुढच्या आवृत्त्यांत काही बदलले आहेत. जिवंत खेळावर लिहिताना आवृत्ती नोंदवणं हे पुस्तकाची आवृत्ती नोंदवण्याइतकंच आवश्यक आहे, नाहीतर दोन वर्षांनी तुमचा परीक्षक खेळ उघडेल आणि त्याला भलतंच काही दिसेल.

‘केऑटिक’ म्हणजे दुष्ट नव्हे

आता माझी चूक. वेस्नॉथमध्ये दिवसाचं सहा चालींचं चक्र असतं: पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्रीचा पहिला प्रहर, दुसरा प्रहर. ‘लॉफुल’ युनिट दिवसाच्या दोन चालींत २५ टक्के जास्त मारा करतं आणि रात्रीच्या दोन चालींत २५ टक्के कमी. ‘केऑटिक’चं नेमकं उलटं. ‘न्यूट्रल’ला फरक पडत नाही. ‘लिमिनल’ नावाचा चौथा, तुरळक प्रकार आहे, तो संधिप्रकाशात सरस ठरतो. बस्स. नियमांच्या पातळीवर या शब्दांना एवढाच अर्थ आहे. कोण देवळात जातो, कोण लुटालूट करतो, याची नोंद तिथे कुठेच नाही.

हे शब्द जुन्या टेबलावरच्या रोल-प्लेइंग खेळांतून आले आहेत, आणि तिथे त्यांना नैतिक वास होता. मी तो वास घेऊन वेस्नॉथमध्ये शिरले. पण ड्रेक लॉफुल आहेत. त्यांना कुणी सभ्य म्हणणार नाही, ते फक्त दिवसा लढायला बरे. त्यांच्याच गटातले सरड्यासारखे सॉरियन मात्र केऑटिक आहेत. एकाच गटात दोन्ही कशाला? कारण गट रात्री पूर्ण उघडा पडू नये. नाल्गन गटात ड्वार्फ न्यूट्रल आणि त्यांच्याबरोबरचे चोर, वाटमारे, चोरटे शिकारी केऑटिक, त्यामागेही हाच हिशेब. म्हणजे अलाइनमेंट हे मुळात वेळापत्रक आहे. ते आपल्याला सांगतं की हा गट कधी पुढे सरकेल आणि कधी मागे हटेल.

माझा पहिला दावा इथेच मेला. पण मेलेला दावा फेकून देऊ नका, त्याच्या खिशात काहीतरी सापडतं. मी सगळ्या नेहमीच्या युनिटांची अलाइनमेंट एका तक्त्यात मांडली तेव्हा एक गोष्ट दिसली. माणसं दोन्हीकडे आहेत. भालाईत लॉफुल, जादूगार लॉफुल, पण चोर केऑटिक, आणि अनडेड गटातला काळी विद्या शिकणारा डार्क अ‍ॅडेप्ट, जो माणूसच आहे, तोही केऑटिक. याउलट एल्फ सगळे न्यूट्रल. ड्वार्फ सगळे न्यूट्रल. ड्रेक सगळे लॉफुल. ऑर्क सगळे केऑटिक.

म्हणजे माणसाची अलाइनमेंट त्याच्या धंद्यावरून ठरते, बाकीच्यांची जन्मावरून. हे ऑर्कांविरुद्धचं कारस्थान नाही, देखण्या एल्फांनाही तोच नियम आहे. पण हा नियम काहीतरी म्हणतोय: निवड हा फक्त माणसाचा गुण आहे. माझ्या पहिल्या वाक्यापेक्षा हे वाक्य कमी भडक आहे आणि जास्त खरं आहे. शिवाय ते तपासता येतं. कुणीही फाइली उघडून मला खोटं पाडू शकतं. ज्याला खोटं पाडता येत नाही असा दावा सिनॉप्सिसमध्ये लिहू नका, तो दावा नसतो, मत असतं.

तीन थर

इथे थोडी सैद्धांतिक मदत घेऊ. येस्पर युल यांनी ‘हाफ-रिअल’ (२००५) या पुस्तकात मांडलेली गोष्ट साधी आहे: व्हिडिओ गेम अर्धा खरा असतो, कारण त्याचे नियम खरे असतात आणि जग कल्पित असतं. तुम्ही खरोखर हरता, पण ड्रेक खरोखर मरत नाही. दुसरी मदत हनिकी, लेब्लाँ आणि झुबेक यांच्या २००४ च्या लेखाची. ते खेळाचे तीन थर करतात: मेकॅनिक्स म्हणजे नियम, डायनॅमिक्स म्हणजे ते नियम चालवल्यावर काय घडतं, आणि एस्थेटिक्स म्हणजे खेळणाऱ्याला काय वाटतं.

हे नुसतं पाठ करू नका. समीक्षेसाठी त्याचा उपयोग असा: प्रत्येक थराचा पुरावा वेगळा असतो. नियमाबद्दल बोलायचं तर फाइल दाखवा. नियम चालताना काय घडतं ते सांगायचं तर खेळाच्या नोंदी, रिप्ले दाखवा. खेळाडूला काय वाटतं हे सांगायचं तर खेळाडूंना विचारा, किंवा निदान ‘मला असं वाटलं’ असं प्रामाणिकपणे म्हणा. माझ्या पहिल्या पेपरमध्ये मी शब्दाचा वास, म्हणजे कल्पित जग, घेऊन नियमाबद्दल बोलत होते. एका थराचा पुरावा दुसऱ्या थरात चालवत होते. विद्यार्थ्यांच्या गेमवरच्या लेखनात दहापैकी सात वेळा घोळ इथेच होतो, असा माझा स्वतःच्या वह्या तपासून झालेला ग्रह आहे.

जिथे नियम आणि गोष्ट एक होतात

समीक्षा म्हणजे फक्त दोष काढणं नाही, म्हणून एक चांगलं उदाहरण घेऊ. लॉयलिस्ट गटातला भालाईत १४ गोल्डला मिळतो. त्याचा मारा ७-३, म्हणजे सातचे तीन वार, आणि प्रकार टोचणारा. समोर हाडांचा सापळा आहे. सापळ्याला टोचणाऱ्या वारापासून ६० टक्के संरक्षण आहे. म्हणजे तुमचा सातचा वार तीनवर येतो. त्याच गटातला जड चिलखती हेवी इन्फन्ट्री ठोकणारा वार करतो, ११-२. सापळा ठोकणाऱ्या वाराला २० टक्के जास्त नाजूक आहे, म्हणून अकराचा वार तेरावर जातो.

आता हे कुणाला समजावून सांगावं लागतं का? भाला बरगड्यांच्या मधून आरपार जातो, भोसकायला मांसच नाही. गदा हाड फोडते. नवखा खेळाडू एकदा हरतो, दुसऱ्यांदा हसतो आणि तिसऱ्यांदा गदा घेऊन येतो. तक्ता पाठ करावा लागत नाही, कारण गोष्टच तक्ता सांगते. आणि गोष्ट ओढूनताणून आणलेली वाटत नाही, कारण तिचा परिणाम पटावर लगेच दिसतो.

हौशी मॉड बनवणाऱ्यांकडून सगळ्यात जास्त निसटतं ते हेच. एखादा गट डाउनलोड करावा, युनिटांची नावं भारदस्त, चित्रं सुंदर, वर्णनात हजार वर्षांचा इतिहास. पण त्या इतिहासातलं काहीही आकड्यांत उतरलेलं नसतं. ‘शापित वाळवंटाचे पहारेकरी’ वाळूवर इतरांइतकेच अडखळतात. किंवा उलटं होतं: बनवणाऱ्याचा गटावर जीव जडतो, आणि तो प्रत्येक भोक बुजवत जातो. वेगवान घोडेस्वार नाही? घाला एक. बरं करणारा नाही? घाला. जादू नाही? घाला. शेवटी असा गट उभा राहतो ज्याला कशाचीच भीती नाही, आणि म्हणून त्याला चेहराही नाही. वेस्नॉथचे मूळ गट लक्षात राहतात ते त्यांच्या उणिवांमुळे. ड्रेक उडतात, जाळतात, पण अंगाने मोठे असल्याने त्यांना आडोसा मिळत नाही आणि भाल्यापुढे ते हतबल असतात. त्यांची कहाणी सांगायला परिच्छेद लागत नाही. पहिल्याच लढाईत कळतं की हे लोक थांबले की मेले.

आता गॉब्लिन

माझ्या दुसऱ्या पेपरचा विषय शेवटी हाच झाला. नॉर्दर्नर्स गटात ऑर्क ग्रंट १२ गोल्डला मिळतो, जीव ३८, मारा ९-२. त्याच गटात गॉब्लिन भालाईत ९ गोल्डला मिळतो, जीव १८, मारा ६-३. गॉब्लिन शून्याव्या पातळीचा आहे. या खेळात शून्य पातळीचे तीन अर्थ होतात. एक, त्याचा पोसण्याचा खर्च नाही. दोन, त्याला ‘झोन ऑफ कंट्रोल’ नाही, म्हणजे शत्रू त्याच्या शेजारून बिनधास्त चालत जातो, तो कुणाला अडवत नाही. तीन, त्याला मारल्यावर शत्रूला फक्त ४ अनुभव मिळतो, पहिल्या पातळीच्या युनिटला मारलं तर ८.

या तीन नियमांनी काय होतं ते पाहा. गॉब्लिन ठेवायला फुकट, मरायला स्वस्त, आणि मेला तरी शत्रूचा फारसा फायदा नाही. कुठलाही बरा खेळाडू त्याला पुढे ढकलतो आणि मागून ग्रंट आणतो. ‘गॉब्लिनना मरायला पाठवा’ असं फाइलीत कुठेही लिहिलेलं नाही. ते नियम चालवल्यावर आपोआप घडतं. इयन बोगोस्ट यांनी ‘पर्स्वेसिव्ह गेम्स’ (२००७) मध्ये ‘प्रोसीजरल ऱ्हेटरिक’ म्हणजे प्रक्रियेतून केलेला युक्तिवाद अशी कल्पना मांडली, ती समजायला याहून सोपं उदाहरण मला मिळालेलं नाही. खेळ तुम्हाला पटवत नाही, तुमच्याकडून करवून घेतो.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. वेस्नॉथमध्ये बहुतेक युनिटांना भरतीच्या वेळी दोन गुण आपोआप मिळतात: बळकट, चपळ, चिवट किंवा हुशार. त्यामुळे दोन भालाईत अगदी सारखे नसतात आणि खेळाडूचा एखाद्यावर जीव बसतो. गॉब्लिन भालाइताला मात्र एकच गुण मिळतो, आणि तो तीनांपैकी एक असतो: दुबळा, संथ किंवा मंदबुद्धी. दुबळ्याचा जीव आणि मारा एकेकने कमी. संथाची चाल एकने कमी, बदल्यात थोडा जीव. मंदबुद्धीला बढतीसाठी २० टक्के जास्त अनुभव लागतो. वर्णनात लिहिलं आहे की ऑर्कांच्या एकाच वेतात काही पिल्लं किडकिडीत जन्मतात, तीच ही गॉब्लिन. म्हणजे या वर्णनानुसार गॉब्लिन हा वेगळा वंशही नाही, तो ऑर्कांचा कच्चा माल आहे.

इथे नियम आणि गोष्ट पुन्हा एक झाल्या आहेत, सापळ्याच्या उदाहरणासारख्याच घट्ट. फक्त या वेळी जे सांगितलं जातंय ते ऐकून मला अस्वस्थ व्हायला झालं. सापळ्याच्या हाडात भाला अडकत नाही, हे शरीराबद्दलचं विधान आहे. ‘या जातीचं प्रत्येक पोर काहीतरी खोट घेऊनच जन्मतं’ हे मात्र तसलं विधान नाही. ते आपण दुसरीकडे ऐकलेलं आहे.

विरोधी पक्षाचं म्हणणं

इथे थांबून टाळ्या घ्यायचा मोह होतो. मागच्या वेळी मी तेच केलं होतं. म्हणून या वेळी स्वतःच ‘मग ड्रेक कोण?’ विचारून घेतलं.

पहिला आक्षेप: हे सगळं समतोलासाठी असेल. हिशेब करू. समजा गॉब्लिनला ‘बळकट’ हा गुण मिळाला, तर त्याचा मारा एकने वाढतो, म्हणजे ७-३. हा नेमका लॉयलिस्ट भालाइताचा मारा आहे, जो १४ गोल्डला मिळतो आणि ज्याला पोसायला पैसे लागतात. ९ गोल्डला, फुकट पोसला जाणारा, तेवढाच मारा करणारा गॉब्लिन आला तर नॉर्दर्नर्सशी कुणी खेळणार नाही. त्याचा जीव निम्माच असतो हे खरं, पण झुंडीने येणाऱ्याला त्याचं काय? म्हणजे ‘बळकट’ काढून टाकायला सबळ कारण आहे. आक्षेप मान्य.

पण मग ‘मंदबुद्धी’ कशाला? बढतीचा वेग कमी केल्याने समतोलावर थोडा परिणाम होतो, शून्य नाही. पण गॉब्लिन भालाईत मुळात बढती मिळण्याइतका क्वचितच जगतो, आणि बढती मिळाली तरी तो पहिल्या पातळीवर जाऊन थांबतो, पुढे वाट नाही. त्याला मंद ठरवून पटावर जवळजवळ काहीच साध्य होत नाही. जे साध्य होतं ते पटाबाहेर: खेळाडूच्या मनातलं चित्र पुरं होतं. समतोलाचं स्पष्टीकरण ‘दुबळा’ला पुरतं, ‘मंदबुद्धी’ला पुरत नाही. पर्यायी स्पष्टीकरण जिथे संपतं तिथे उरलेला तुकडा, तोच तुमचा शोध. पूर्ण दावा नाही, उरलेला तुकडा.

दुसरा आक्षेप: शून्य पातळीचे सगळेच असे असतील. म्हणून तुलना हवी. मोहिमांमध्ये ‘पेझंट’ म्हणजे शेतकरी येतो. तोही शून्याव्या पातळीचा, त्याचाही जीव १८, त्यालाही झोन ऑफ कंट्रोल नाही. पण तो माणूस असल्यामुळे त्याला नेहमीचेच गुण मिळतात, हुशार शेतकरी, चपळ शेतकरी. आणि बढती मिळाली की तो भालाईत होतो, तिथून पुढे तिसऱ्या पातळीपर्यंत वाट मोकळी. एकाच पातळीचे दोन गरीब. एक वाईट परिस्थितीत आहे, दुसरा वाईट घडणीचा आहे.

ही तुलना मला इतकी आवडली की मी तिच्यावर पेपर संपवणार होते. पण तिच्यातही खोट आहे, आणि ती मी स्वतः लिहिली तर बरं. शेतकरी नेहमीच्या मल्टिप्लेअर गटांत भरती करता येत नाही. त्याच्यावर समतोलाचा ताण तेवढा नाही, म्हणून त्याचे गुण सैल सोडणं परवडतं. म्हणजे तुलना उपयोगी आहे, पण प्रयोगशाळेतल्यासारखी स्वच्छ नाही. दुसरी तुलना अनडेड गटातल्या चालत्या प्रेताची. ८ गोल्ड, शून्य पातळी, मल्टिप्लेअरमध्ये सर्रास. त्याला ‘अनडेड’ हा ठरलेला गुण मिळतो. म्हणजे प्रेतालासुद्धा मंदबुद्धी म्हटलेलं नाही! पण प्रेताला बुद्धीच नाही, असंही कुणी म्हणू शकेल. ठीक आहे. दोन्ही तुलना त्यांच्या खोटीसकट लिहायच्या.

तिसरा आक्षेप सगळ्यात अडचणीचा. लांडग्यावर स्वार होणारा गॉब्लिन, वुल्फ रायडर, पहिल्या पातळीपासून सुरू होतो आणि तिसऱ्या पातळीपर्यंत जातो. म्हणजे गॉब्लिनला वर जायची वाट आहेच की. त्यामुळे मी माझा दावा आखडला. ‘खेळ गॉब्लिनांना हीन मानतो’ हे वाक्य काढून टाकलं. त्याऐवजी लिहिलं: ‘पायी लढणाऱ्या गॉब्लिनच्या बाबतीत खेळ गरिबीचं कारण परिस्थितीत न शोधता जन्मात शोधतो, आणि हे गुणांच्या यादीत नेमकं दाखवता येतं.’ वाक्य लांबलं, धार कमी झाली. मॅडमनी वाचलं आणि या वेळी चष्मा काढला नाही.

नाव बदललं की काय बदलतं?

आता एक वेगळं प्रकरण, कारण समीक्षेत आकड्यांइतकेच शब्दही महत्त्वाचे असतात. वेस्नॉथच्या १.१२ मालिकेत ‘खलिफेट’ नावाचा सातवा गट होता. १.१४ येईपर्यंत तो ‘ड्यूनफोक’, म्हणजे वाळवंटातले लोक, झाला. आधी युनिटांची नावं अरबी होती: अरिफ, जुंदी, खय्याल, नफ्फात, हकीम. ती जाऊन ड्यून सोल्जर, ड्यून रोव्हर, ड्यून रायडर, ड्यून बर्नर, ड्यून हर्बलिस्ट अशी इंग्रजी नावं आली.

हे चांगलं झालं की वाईट? घाईने उत्तर देऊ नका, दोन्ही बाजूंना माल आहे.

बदलाच्या बाजूने: वेस्नॉथच्या जगात खलिफा नाही, इस्लाम नाही, मग ‘खलिफेट’ कुठून आलं? ते खेळाच्या जगातून उगवलेलं नाव नव्हतं, आपल्या जगातून उचललेलं होतं. शिवाय लॉयलिस्ट गटातल्या माणसांची नावं साधी आहेत: स्पिअरमन, बोमन, कॅव्हलरीमन. म्हणजे एका मानवी गटाला कामाची नावं आणि दुसऱ्याला परकी वाटणारी नावं. इंग्रजी खेळाडूला पहिला गट ‘आपण’ वाटणार आणि दुसरा ‘ते’. नावं साधी केल्यावर ही दरी कमी झाली.

बदलाच्या विरोधात: नफ्फात हा कल्पित शब्द नव्हता. अब्बासी सैन्यात नाफ्त फेकणाऱ्यांची तुकडी असे, तिचंच हे नाव. त्या शब्दात एक पेशा होता, रसायनाचं ज्ञान होतं. ‘बर्नर’ म्हणजे नुसता जाळणारा. हकीमचं तर आपल्याला सांगायलाच नको. मराठीत हकीम म्हटलं की युनानी वैद्यकाचा, ग्रंथांचा, नाडीपरीक्षेचा वास येतो. ‘हर्बलिस्ट’ म्हणजे झाडपाला देणारा. पटावर दोघंही जखमा भरतात. पण एकाच्या मागे विद्या होती आणि दुसऱ्याच्या मागे झाडी आहे. मराठी वाचकाला हा तोटा इंग्रजी वाचकापेक्षा लवकर जाणवतो, कारण हकीम हा शब्द आपल्याकडे परका कधीच नव्हता.

माझं मत: गटाचं नाव बदलणं योग्य होतं, युनिटांची सगळीच नावं बदलणं हे मात्र थोडं आळशी उत्तर होतं. परकेपणा घालवायला पेशाही पुसला गेला. हे मत आहे, आणि मी ते मत म्हणूनच लिहितेय. नावं का बदलली याबद्दल बनवणाऱ्यांच्या मनात शिरून बोलणं मी टाळलं आहे, कारण माझ्याकडे पुरावा नावांचा आहे, हेतूंचा नाही. हा फरक प्रबंधात शेवटपर्यंत सांभाळावा लागतो.

बनवून पाहणं हीसुद्धा पद्धत आहे

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचं. मुक्त खेळाचा मोठा फायदा हा की समीक्षा फक्त लिहून करावी लागत नाही, मॉड करूनही करता येते. गॉब्लिनच्या गुणांची यादी बदलायची असेल तर काही ओळींचं काम आहे. ‘मंदबुद्धी’च्या जागी ‘हुशार’ घाला, बाकी एकही आकडा हलवू नका, आणि दहा डाव खेळा. निकाल फारसा बदलला नाही तर तुमच्या म्हणण्याला बळ मिळालं: तो गुण समतोलासाठी नव्हताच. निकाल उलटापालटा झाला तर तुम्ही चुकलात, आणि तुम्हाला ते परीक्षकाच्या आधी कळलं. दोन्हीकडून फायदाच. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या की कुठल्या बदलाने काय झालं हे सांगता येत नाही, आणि मग तुमच्याकडे मॉड उरतो, पुरावा नाही.

अख्खा गट बनवायची हौस असेल तरी हेच सूत्र धरा. आधी एक वाक्य लिहा: हा गट कशाला घाबरतो? मग ते वाक्य कुठल्या आकड्यात उतरलंय ते बोट ठेवून दाखवा. दाखवता आलं नाही तर ते वाक्य फक्त वर्णनात राहिलंय. आणि गटातल्या सगळ्यात स्वस्त युनिटकडे सगळ्यात शेवटी नीट पाहा. आपण नायकांवर मेहनत घेतो, चित्रं रंगवतो. स्वस्त युनिट घाईत लिहितो. घाईत माणूस स्वतःचा विचार लिहीत नाही, डोक्यात आधीपासून पडून असलेला लिहितो. म्हणून जगाबद्दलचे आपले ग्रह बहुतेक वेळा नऊ गोल्डवाल्याच्या फाइलीत सापडतात.

तर या आठवड्यात एक करा. विषय कुठलाही असो, तुमच्या संहितेतला ‘सगळ्यात स्वस्त’ घटक निवडा: कादंबरीतला गडी, नाटकातला शिपाई, सर्वेक्षणातला ‘इतर’ हा रकाना. त्याच्याबद्दल एक दावा एका वाक्यात लिहा. मग त्या वाक्याखाली लिहा, ‘मग ड्रेक कोण?’ उत्तर सापडेपर्यंत सिनॉप्सिस टाइप करायला बसू नका.